मर्लो नावाने वाढलेली कार्मेनेर

"ढोबळी मिरची," मी म्हणालो आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले.

पुण्यात एका मित्राच्या घरी चिलीच्या कार्मेनेरची बाटली उघडली होती. रेड वाइनच्या वासात चेरी, चॉकलेट असलं काही शोधायचं असतं, भाजीमंडईत शिरायचं नसतं, असा एकूण सूर होता. मी ओशाळून गप्प बसलो. पुढे या वाइनचा इतिहास वाचला तेव्हा कळलं, की त्या मिरचीमागे शंभराहून अधिक वर्षांची गफलत आहे.

कार्मेनेर हे मूळचं फ्रान्समधल्या बोर्दो भागातलं द्राक्ष. पानगळीच्या दिवसांत त्याची पानं लालभडक होतात. 'कार्मिन' या रंगावरून त्याचं नाव पडलं असं मानतात. आपला 'किरमिजी' आणि त्यांचा 'कार्मिन' हे शब्द एकाच मुळातून आलेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चिलीतल्या श्रीमंत जमीनदारांनी बोर्दोहून द्राक्षाच्या काड्या मागवल्या. त्यात कार्मेनेर होतं आणि त्याच्यासारखंच दिसणारं मर्लोही.

१८६०च्या दशकात फायलोक्सेरा ही मुळांतला रस शोषणारी कीड अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचली आणि तिने बागाच्या बागा संपवल्या. पुढे अमेरिकी मुळांवर कलमं करून नव्याने लागवड झाली. पण कार्मेनेरची फळधारणा बेभरवशाची, म्हणून बोर्दोच्या शेतकऱ्यांनी ते जवळजवळ सोडूनच दिलं. चिलीत मात्र ही कीड पसरली नाही. तिथे कार्मेनेर वाढत राहिलं, पण मर्लोच्या नावाने.

नाव चुकलं तर काय बिघडतं? इथे तोडणीची वेळ बिघडली. कार्मेनेर मर्लोपेक्षा काही आठवडे उशिरा पिकतं. दोन्ही एकदमच तोडल्यामुळे कार्मेनेर कच्चंच खुडलं जाई. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारं पायराझिन गटातलं रसायन या द्राक्षातही असतं आणि फळ पिकत जाईल तसं ते कमी होतं. चिलीची मर्लो जरा हिरवट लागते, हे पिणाऱ्यांना ठाऊक होतं. जिभेला फरक कळत होता, पण विश्वास लेबलवर होता.

२४ नोव्हेंबर १९९४ रोजी झाँ-मिशेल बुर्सिको हे फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ मायपो खोऱ्यातल्या कार्मेन वायनरीच्या बागेत गेले. तिकडे तेव्हा वसंत असतो, वेली फुलावर होत्या. त्यांनी फुलं निरखली. पुंकेसर पिळवटलेले होते, मर्लोचे तसे नसतात. कार्मेनेर सापडलं ते असं, वाइनचा घोट न घेता.

नाव परत मिळाल्यावर शेतकरी ते वेलीवर जास्त दिवस ठेवू लागले. आता चांगल्या बाटलीत काळ्या फळांची चव पुढे असते आणि मिरची मागून डोकावते. ही वाइन तोंडात ना पातळ लागते ना जड, आणि तुरटपणाही बेताचा. चिलीत ती 'पास्तेल दे चोक्लो'बरोबर घेतात. हा खिमा, कांदा आणि जिऱ्यावर मक्याच्या दाण्यांचा लगदा थापून मातीच्या भांड्यात भाजलेला पदार्थ.

रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला द्यावी, हा नियम युरोपातल्या थंड घरांचा. तिला साधारण १६ ते १८ अंश मानवतात. पुण्याच्या मे महिन्यात बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी, नाहीतर नुसतं अल्कोहोल नाकात जातं. जेवण जहाल तिखट असेल तर तेच अल्कोहोल जिभेला आणखी झोंबतं.

परवा त्याच मित्रांना घरी बोलावलं. बेसन आणि दाण्याचं कूट घालून बेताच्या तिखटाची भरली ढोबळी मिरची केली आणि कार्मेनेर उघडली. पहिला घोट घेऊन कोणीतरी म्हणालं, "अरे, खरंच की!" मी काही बोललो नाही, फक्त भाजीचं भांडं पुढे सरकवलं.