दुबार नोंदी वगळणे (विक्री अहवाल)

एकच विक्री-व्यवहार माहितीसाठ्यात एकाहून अधिक वेळा आला असल्यास जादा नोंदी ओळखून बाजूला काढण्याची प्रक्रिया. ती टाळल्यास उलाढाल, येणी व ग्राहकसंख्या फुगलेली दिसते. एकच फाइल दोनदा आयात होणे, दुरुस्त बिलासोबत मूळ बिलही राहणे, शाखांच्या याद्या एकत्र करणे ही नेहमीची कारणे होत.

नावांवर विसंबणे धोक्याचे असते. अहिल्यानगरजवळच्या नागापूर औद्योगिक वसाहतीतील एकाच ग्राहकाचा पत्ता जुन्या नोंदींत ‘अहमदनगर’, २०२४ च्या नामांतरानंतर ‘अहिल्यानगर’ आणि बोलीतल्या सवयीने नुसता ‘नगर’ असा येऊ शकतो. उलट नागापूर नावाचे गाव बीड जिल्ह्यातही आहे. म्हणून तुलना स्थिर क्रमांकांवर करतात. वस्तू व सेवा कर क्रमांक १५ अक्षरांचा असून महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. विक्रेत्याचा बिलक्रमांक एका आर्थिक वर्षात पुन्हा वापरता येत नाही. विक्रेत्याचा करक्रमांक, दस्तऐवजाचा प्रकार व क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांवरूनच ई-बिलाचा ६४ अक्षरी संदर्भक्रमांक बनतो.

बिलात अनेक वस्तू असल्यास ओळक्रमांकही जुळवावा लागतो; अन्यथा खऱ्या ओळीच गळतात. एकाच दिवशी, एकाच रकमेच्या दोन खरेद्या दुबार ठरत नाहीत. क्रमांक नसलेल्या नोंदींसाठी संभाव्यतेवर आधारित जुळणी वापरतात. तिची गणिती मांडणी फेलेगी व संटर यांनी १९६९ मध्ये केली. वगळलेल्या नोंदी पुसून न टाकता कारणासह वेगळ्या जपणे लेखापरीक्षणासाठी आवश्यक असते.