बालपणीचा आघात व मेंदूची वाढ

मारहाण, लैंगिक अत्याचार, उपेक्षा, आईबापांपासून ताटातूट, युद्ध, विस्थापन किंवा आपत्ती यांचा मुलाच्या वाढत्या मेंदूवर होणारा परिणाम. प्रत्येक दुःखद प्रसंग आघात ठरत नाही. प्रसंगाची तीव्रता, तो किती काळ चालला, मुलाचे तेव्हाचे वय आणि त्याला जवळ घेणारे मोठे माणूस होते की नाही, यांवर परिणाम अवलंबून असतो.

मेंदूची घडण : पहिल्या काही वर्षांत मज्जापेशींमध्ये असंख्य जोडण्या तयार होतात, वापरातल्या टिकतात, उरलेल्या नाहीशा होतात. पाचव्या वर्षी मेंदूचा आकार प्रौढाच्या सुमारे ९० टक्के असतो. संयम, निर्णय व नियोजन सांभाळणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडत राहतो. त्यामुळे या काळातले अनुभव मेंदूच्या रचनेवर खोल ठसा उमटवतात.

ताणाची यंत्रणा : धोका जाणवताच अधोथॅलॅमस, पोष ग्रंथी व अधिवृक्क ग्रंथी यांच्या साखळीतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात येते. धोका टळला की त्याचे प्रमाण उतरते. भीती रोजचीच झाली की हा तोल बिघडतो : काही मुलांत यंत्रणा सतत चेतलेली राहते, तर काहींत ती मंदावते.

दिसून आलेले बदल : अत्याचार सोसलेल्यांच्या अभ्यासांत भीतीची दखल घेणारा ॲमिग्डला रागीट चेहऱ्यांना अधिक तीव्र प्रतिसाद देतो असे आढळले. स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसचे आकारमान प्रौढपणी सरासरीने कमी दिसते. उपेक्षेचा फटका विशेषतः भाषा व विचारशक्तीला बसतो. वर्गात अशी मुले दचकतात, अंगावर धावून जातात किंवा गप्प होतात, आणि ‘वांड’ किंवा ‘ढ’ ठरवली जातात. खरे तर त्यांचा मेंदू धोक्यापासून जपण्याचे काम करत असतो. हे सर्व निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. केवळ मेंदूच्या प्रतिमेवरून एखाद्या मुलाचे निदान करता येत नाही.

महत्त्वाचे अभ्यास : १९९८ मध्ये व्हिन्सेंट फेलिटी व रॉबर्ट अँडा यांनी अमेरिकेतील पाहणीतून बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचा प्रौढपणीच्या आजारांशी संबंध दाखवला. रुमानियातील बुखारेस्ट प्रकल्पात अनाथालयांतील १३६ मुलांपैकी निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून पालक-कुटुंबांत ठेवले गेले. वयाच्या सुमारे दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्यांची सुधारणा अनेक बाबतींत अधिक झाली. भारत सरकारच्या २००७ च्या पाहणीत १२,४४७ मुलांशी संवाद साधला गेला. त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार सांगितला.

पन्हाळा व कोल्हापूर परिसर : युद्ध व विस्थापनात गेलेल्या बालपणाची उदाहरणे या परिसराच्या इतिहासातही आहेत. छत्रपती राजाराम यांच्या पत्नी ताराबाई यांचे पुत्र शिवाजीराजे (दुसरे) यांचा जन्म १६९६ मध्ये, मोगलांनी जिंजीला घातलेल्या वेढ्याच्या काळात झाला. १७०० मध्ये वडील राजाराम महाराज वारले आणि चौथ्या वर्षी, मोगलांशी युद्ध पेटलेले असताना, ते मराठ्यांच्या गादीवर आले. १७१४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर ताराबाईंच्या सवत राजसबाई यांचे पुत्र संभाजी आले आणि ताराबाई व शिवाजीराजे पन्हाळ्यावर कैदेत पडले. काही इतिहासकारांनी शिवाजीराजांना मंदबुद्धी म्हटले आहे. वेढा, पितृवियोग व युद्ध यांत गेलेल्या बालपणाचा विचार न करता मारलेला हा शिक्का अन्यायाचा आहे. आणि जुन्या कागदांवरून आघाताचे निदान करणेही तितकेच चुकीचे ठरेल.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले; त्यांत स्त्रिया व मुलांचा भरणा मोठा होता. सोव्हिएत राजवटीने सायबेरिया व मध्य आशियात हद्दपार केलेली ही कुटुंबे इराणमार्गे भारतात आली होती. उपासमार, आजार आणि आईबापांचा मृत्यू पाहिलेल्या या मुलांसाठी छावणीत शाळा, दवाखाना, चर्च व बालवीर पथके होती. १९४६ मध्ये जामनगरजवळच्या बालाचडी छावणीतील मुलेही इथे आली. त्या काळी मेंदूची आजच्यासारखी प्रतिमा घेण्याचे तंत्र नव्हते. तरी नियमित जेवण, शाळा, सवंगडी आणि ओळखीची मोठी माणसे यांची गरज आजचे संशोधनही अधोरेखित करते. पोलिश निर्वासितांचे स्मारक कोल्हापूरच्या महावीर उद्यानात आहे. पुढे वळिवड्याच्या त्याच जागी फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे वसली आणि गांधीनगर उभे राहिले.

उपचार व संरक्षण : मेंदू आयुष्यभर बदलू शकतो, म्हणून आघात हा जन्मभराचा निकाल नव्हे. आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचार मुलांमध्ये परिणामकारक ठरला आहे. त्यात सांभाळणाऱ्या पालकांनाही सहभागी करून घेतात. पॉक्सो कायद्यानुसार (२०१२) मुलावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संकटातील मुलांसाठी १०९८, तर मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. मात्र मदतीची सुरुवात घरात आणि शाळेतच होते : मुलाचे म्हणणे खरे मानून ऐकणे, त्याला दोष न देणे, मारणे पूर्ण थांबवणे आणि दिलेला शब्द पाळणे ही प्रत्येक मोठ्या माणसाची जबाबदारी आहे.