इंटरफेरॉन : डुकरांतील विषाणुरोगांवरील वापर

विषाणूची लागण झालेल्या पेशीतून स्रवणारी प्रथिने. ती आजूबाजूच्या निरोगी पेशींना सावध करतात आणि त्या पेशी विषाणूची वाढ रोखणाऱ्या तयारीला लागतात. ॲलिक आयझॅक्स व झाँ लिंडेनमान यांनी 1957 मध्ये लंडनच्या मिल हिल येथे, कोंबडीच्या अंड्यातील पटलावर प्रयोग करताना ती शोधली.

डुकरांतील वापराचा चांगला अभ्यास झाला तो लाळ्या-खुरकुताच्या संदर्भात. या रोगात जनावराच्या तोंडात, नाकाडावर व खुरांच्या बेचक्यात फोड येतात आणि ते लंगडू लागते; लहान पिले तर हृदयाच्या स्नायूंचा दाह होऊन फोड दिसण्याआधीच दगावतात. आजारी डुक्कर उच्छ्वासावाटे गाईपेक्षा कितीतरी पट अधिक विषाणू बाहेर टाकते. ब्रिटनमधील 2001 च्या साथीत 60 लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. तिचा उगम नॉर्थम्बरलंडमध्ये खरकट्यावर पोसलेल्या डुकरांपर्यंत शोधला गेला. लस उपलब्ध आहे, पण तिचा गुण यायला साधारण आठवडा जातो आणि तेवढ्यात रोग कळपभर होतो. इंटरफेरॉनचे काम या मधल्या दिवसांतले.

लाळ्या-खुरकुताचा विषाणू इंटरफेरॉनपुढे टिकत नाही, म्हणून तो ते तयारच होऊ देत नाही. त्याचे ‘एल’ प्रोटिएज हे विकर पेशीची स्वतःची प्रथिननिर्मिती बंद पाडते. तेव्हा इंटरफेरॉन बाहेरून पुरवणे आले. नुसते प्रथिन टोचले तर ते शरीरात फार काळ टिकत नाही. न्यूयॉर्क राज्यातील प्लम आयलंड येथे मार्व्हिन ग्रबमन व सहकाऱ्यांनी यावर तोड काढली : डुकराच्या आल्फा इंटरफेरॉनचे जनुक त्यांनी वाढू न शकणाऱ्या मानवी ॲडिनोव्हायरसात बसवले. तो टोचलेल्या डुकरांना दुसऱ्या दिवशी मुद्दाम लागण केली, तरी ती निरोगी राहिली. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल. हे संरक्षण मोजक्या दिवसांचेच; म्हणून इंटरफेरॉन व लस एकत्र देण्याचे प्रयोग झाले, व तेच शहाणपणाचे. गाईगुरांत मात्र आल्फा इंटरफेरॉनला एवढे यश आले नाही.

डुकरांच्या प्रजनन व श्वसन संलक्षणात (पीआरआरएस) याच पद्धतीने ताप व फुप्फुसांची हानी कमी झाली, लागण टळली नाही.

हा उपाय प्रतिबंधाचा आहे, उपचाराचा नव्हे. साथीच्या गावाशेजारच्या निरोगी कळपाला त्याचा उपयोग; फोड आलेल्या डुकराला तो देऊन फारसे काही साधत नाही.