अरणगावचे मौन आणि लंडनच्या तबकड्या

जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांचे एक वेगळेच जग असते. आपल्याकडे बालगंधर्वांच्या किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकांसाठी चोरबाजार पालथा घालणारे लोक आहेत, तसेच तिकडे विलायतेत रॉक संगीताच्या तबकड्यांसाठी वेडे झालेले लोक आहेत. त्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे एखाद्या वाद्यवृंदाने प्रसिद्ध होण्याआधी काढलेली, कोणी विकत न घेतलेली तबकडी. आज लिहायचे आहे ते अशाच काही तबकड्यांविषयी. नगरपासून आठ-नऊ किलोमीटरवर, दौंड रस्त्यावर असलेल्या अरणगावचा त्यांच्याशी संबंध आहे, हे नगरमध्येसुद्धा फार थोड्यांना ठाऊक असते. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण जिभेवर अजून नगरच येते, वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

सुरुवात लंडनपासून करतो. जुलै १९६४ मध्ये 'द हाय नंबर्स' या नावाने चार पोरांची एक छोटी तबकडी फोंटाना कंपनीने काढली. एका बाजूला 'झूट सूट', दुसऱ्या बाजूला 'आय ॲम द फेस'. प्रती निघाल्या सुमारे एक हजार, आणि त्याही धड खपल्या नाहीत. चाली दुसऱ्यांच्या, शब्द त्यांच्या व्यवस्थापकाने जुळवलेले. त्याच वर्षी पोरांनी आपले आधीचे नाव परत घेतले, ते म्हणजे 'द हू'. पुढच्याच वर्षी 'माय जनरेशन' आले आणि गिटार फोडणारा पीट टाउनशेंड जगभर माहीत झाला. साहजिकच ती न खपलेली तबकडी आज संग्राहक जपून ठेवतात. संगीत म्हणून तिच्यात फारसे काही नाही, असे माझे मत. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला नुसत्या चांगल्या गोष्टींवर भागवता येत नाही.

'हू' ही मंडळी नेमकी हेवी मेटलवाली नव्हेत, पण ज्या भट्टीतून ते संगीत निघाले ती पेटवणाऱ्यांत त्यांचे नाव येते. आवाज वाढवण्याचे त्यांना वेडच होते. १९६५ साली टाउनशेंड आणि बेस गिटार वाजवणारा जॉन एन्टविसल यांच्या हट्टापायी जिम मार्शलने शंभर वॉटचे ध्वनिवर्धक बनवले. पुढे त्याच कंपनीच्या कपाटाएवढ्या पेट्यांची भिंत ही हेवी मेटलवाल्यांची ओळख झाली. १९७६ साली लंडनमधल्या चार्ल्टनच्या फुटबॉल मैदानावर यांचा कार्यक्रम झाला, तो सर्वांत मोठ्या आवाजाचा म्हणून गिनीज बुकात नोंदला गेला.

आता अरणगावला येऊ. मेरवान शेरियार इराणी, म्हणजे मेहेरबाबा, हे पुण्याचे. जन्म १८९४ चा, शिक्षण डेक्कन कॉलेजात. १९२३ साली ते अरणगावजवळच्या पडीक लष्करी छावणीत पहिल्यांदा आले आणि मेहेराबाद उभे राहू लागले. १९२५ साली तिथे मुलांसाठी हजरत बाबाजान हायस्कूल सुरू झाले. (शिक्षकाचा जीव, म्हणून हे आवर्जून सांगितले.) त्याच वर्षी १० जुलैला बाबांनी मौन धरले, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवेपर्यंत सोडले नाही. आधी अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून बोलत. १९५४ मध्ये फळीही सोडली आणि केवळ हातांच्या खुणा उरल्या.

इथे एक योगायोग मला फार लागून राहतो. ज्या १९२५ साली बाबा गप्प झाले, त्याच वर्षी अमेरिकेत मायक्रोफोन लावून विजेवर ध्वनिमुद्रण करण्याची सोय बाजारात आली. त्याआधी कर्ण्यात तोंड घालून ओरडून गावे लागे, आणि तेही कंपनीचे लोक ज्यांना बोलावतील त्यांनीच. अरणगावच्या माळावर कोण यंत्र घेऊन येणार? बाबांचा गळा गोड होता आणि ते गझला गात, असे त्यांच्या जवळच्यांनी लिहून ठेवले आहे. पण त्या आवाजाचे एक अक्षरही कुठे उमटलेले नाही. १९३२ साली इंग्लंडमध्ये त्यांचे बोलपट घेतले गेले, त्यातही बाबा फळीवर बोट फिरवतात आणि शब्द येतात ते शेजारी बसलेल्या इंग्रज शिष्याच्या तोंडून.

टाउनशेंडला मेहेरबाबांचे नाव १९६७-६८ च्या सुमारास एका चित्रकार मित्राकडून कळले. दोघांची भेट कधीच झाली नाही. बाबा गेले तेव्हा हा लंडनच्या स्टुडिओत 'टॉमी' नावाच्या मोठ्या संगीतकथेचे ध्वनिमुद्रण करत होता. मे १९६९ मध्ये ती तबकडी बाहेर आली, तेव्हा वेष्टणावरच्या श्रेयनामावलीत 'अवतार – मेहेरबाबा' असे छापलेले होते. कथेतला मुलगा आंधळा, मुका आणि बहिरा. म्हणून काही समीक्षकांनी तो म्हणजे मेहेरबाबाच, असे समीकरण मांडले. मला ते पटत नाही. टॉमीचे मुकेपण धक्क्याने आलेले आहे, डोळ्यांदेखत झालेल्या खुनाने. बाबांचे मौन स्वखुशीचे होते आणि त्यातून त्यांचा पत्रव्यवहार, प्रवास, थट्टामस्करी सगळे चालू होते. दोन्हींना एका मापाने मोजणे बरोबर नाही.

आता दुर्मिळ तबकड्या. टाउनशेंडला घरीच टेपरेकॉर्डर लावून गाण्याचा कच्चा खर्डा करायची सवय होती. गिटार, बेस, ड्रम, आवाज सगळे एकट्याचे, एकावर एक चढवलेले. मग तो खर्डा बाकीच्या तिघांना ऐकवायचा आणि त्यावरून पक्के गाणे व्हायचे. फेब्रुवारी १९७० मध्ये, बाबांच्या २५ तारखेच्या जन्मदिनासाठी, त्याने आणि इतर बाबाप्रेमींनी मिळून 'हॅपी बर्थडे' नावाची एक खाजगी तबकडी काढली. दुकानासाठी नव्हे, आपसात वाटण्यासाठी. तिच्यात 'द सीकर' या गाण्याचा घरगुती खर्डा आहे. 'हू'ने गाऊन ते गाणे प्रसिद्ध केले मार्चमध्ये, म्हणजे खर्डा आधी आणि प्रसिद्धी नंतर. त्यातच 'बिगिन द बिगीन' हे जुने अमेरिकन गाणेही आहे. ते बाबांचे आवडते, आणि १९६९ च्या फेब्रुवारीत अरणगावच्या टेकडीवर त्यांना समाधी दिली तेव्हाही ते वाजवले गेले होते. मी त्या वेळी कॉलेजात होतो. त्या वर्षी नगरच्या रस्त्यांवर एवढी परदेशी माणसे दिसू लागली की टांगेवाल्यांनीही चार इंग्रजी शब्द शिकून घेतले.

दुसरी खाजगी तबकडी १९७२ ची, 'आय ॲम'. हिच्यातला एक तुकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. 'हू'चे 'बाबा ओरायली' हे गाणे १९७१ पासून जगभर गाजते आहे, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या समारोपातही ते वाजले. नावातले बाबा म्हणजे आपले मेहेरबाबा आणि रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. (हा रायली पुढे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला.) गाण्याच्या सुरुवातीला सुरांची जी झरझर माळ ऐकू येते, ती बहुतेकांना सिंथेसायझरची वाटते. वास्तविक ती घरगुती लाउरी ऑर्गनची आहे. त्याच्यात एक खटका असे, पट्टी दाबून धरली की सूर आपोआप पुन्हा पुन्हा टकटक वाजत राही. बाबांच्या आयुष्यातली माहिती यंत्राला पुरवून तिच्यातून संगीत काढावे, अशी टाउनशेंडची मूळ कल्पना होती. 'आय ॲम'वर या सुरांचा शब्दांविना, जवळजवळ दहा मिनिटांचा तुकडा आहे. गाजलेल्या गाण्यात ड्रम आणि आरोळी येऊन त्यावर बसतात. इथे तसे काही होत नाही.

प्रेमाने काढलेल्या वस्तूचेही बाजारात काय होते पाहा. या तबकड्यांच्या चोरून प्रती निघू लागल्या, तेव्हा टाउनशेंडने त्यांतली काही गाणी घेऊन १९७२ च्या अखेरीस 'हू केम फर्स्ट' ही अधिकृत तबकडी काढली. मुखपृष्ठावर तो स्वतः अंड्यांवर उभा आहे, आधी कोंबडी की आधी अंडे, हा त्यातला विनोद. तिच्यातले 'परवरदिगार' हे गाणे म्हणजे मेहेराबादला रोज आरतीच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या बाबांच्या प्रार्थनेचे संगीतरूप. त्याच वर्षी टाउनशेंड अरणगावला येऊन गेला. तिसरी खाजगी तबकडी 'विथ लव्ह' १९७६ ची, म्हणजे चार्ल्टनच्या त्या विक्रमी गोंगाटाच्याच वर्षातली. पुढे २००० साली या तिन्ही तबकड्या एका संचात पुन्हा निघाल्या, आणि २०२३ मध्ये 'बाबा ओरायली'च्या काळातले घरगुती खर्डे मोठ्या पेटीत घालून विक्रीला आले.

म्हणजे टाउनशेंडच्या खोलीतली टकटकसुद्धा आज जपलेली आहे. त्याचे कान मात्र त्याच आवाजाने गेले, कानांत सतत गुंजारव असतो, हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. आणि ज्यांनी १९२३ ते २५ या काळात बाबांना बोलताना ऐकले, ती अरणगावची माणसे आता राहिली नाहीत. त्यांच्या कानांत काय होते, बाबा त्यांच्याशी मराठी कोणत्या ढंगाने बोलत, हे वेळीच गाठून विचारून ठेवायला हवे होते. तबकड्यांच्या संग्राहकांची चिकाटी आपल्या स्थानिक इतिहासकारांत असती तर निदान वर्णन तरी हाती आले असते.

ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी आधी 'आय ॲम'वरचा तो लांब तुकडा ऐकावा, मग १९७१ चे गाणे. उलट क्रमाने ऐकलेत तर तुकडा अपुरा वाटतो. 'झूट सूट' नाही ऐकलेत तरी चालेल.