कापसाचे पंचांग

यंदा ज्या दुकानदाराने दिवाळीसाठी रंगीत दिव्यांच्या माळा आणल्या असतील, त्याने त्या केव्हा मागवल्या होत्या याची चौकशी वाचकांनी अवश्य करून पाहावी. आंबे उतरत होते तेव्हा, असेच उत्तर बहुधा मिळेल. या माळा पुष्कळदा चीनमधून येतात. तिकडचे नववर्ष येते आपल्या पौषी अमावास्येच्या सुमारास. त्या वेळी कारखान्यांतले कामगार आपापल्या गावी जातात आणि यंत्रे कित्येक दिवस थंड पडतात. पुढे ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपासून त्यांच्या राष्ट्रीय दिनाची आठवडाभर सुटी. आणि नेमके तेच दिवस आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या धांदलीचे. या दोन सुट्यांच्या मधल्या पट्टीत ज्याची मागणी बसली नाही, त्याच्या दुकानात ऐन धनत्रयोदशीला फळ्या रिकाम्या! सातासमुद्रापलीकडून माल आणणाऱ्याला दोन पंचांगे पाहावी लागतात : एक आपले आणि एक माल धाडणाऱ्याचे.

मुंबईला ही गोष्ट नवी नाही. सर जमशेटजी जिजीभाई तरुणपणी चीनच्या सफरी करीत, तेव्हा कापूस आणि अफू भरलेली जहाजे नैर्ऋत्येचा वारा धरून कँटनकडे जात आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की परतीच्या वाटेला लागत. हंगाम संपला की युरोपीय व्यापाऱ्यांना कँटनमध्ये राहण्याची मुभा नसे. त्यांना मकावला जाऊन बसावे लागे. वारा, चिनी सणवार आणि चिनी अंमलदारांची मर्जी अशा तिहेरी मापात त्यांचा सगळा व्यवहार बसवलेला असे.

पण या दोन पंचांगांच्या गोष्टीत आमच्या मुलखालाही एक जागा आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. आज आपण गिऱ्हाईक आहोत. दीडशे वर्षांपूर्वी वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या मधला हा वणी-मुकुटबनचा काळा पट्टा माल धाडणारा होता, आणि त्याचे पंचांग पाहायची पाळी होती थेट लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यावर!

तेव्हा मुकुटबन वणी तालुक्यात होते. आज ते झरी जामणी तालुक्यात आहे. जिल्ह्याचे नावही वणीवरूनच पडलेले होते. ‘यवतमाळ’ हे नाव १९०५ साली आले. निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला तो कर्जापोटी, पण इंग्रजांची नजर होती इथल्या काळ्या मातीवर. नदीपलीकडचे हिंगणघाट ही या बाजूची मोठी पेठ. तिथल्या ‘बनी’ कापसाच्या लांब, मऊ धाग्याची कीर्ती मुंबईपर्यंत पोहोचलेली होती. अडचण एकच, आणि ती अशी की हा माल वर्षातून चार-पाच महिने जागचा हलूच शकत नसे.

ज्याने मृगाचा पाऊस पडल्यावर आमच्या बाजूची काळी जमीन तुडवली आहे, त्याला याचे कारण सांगायला नको. चाक रुतले की आठ बैल जुंपूनही निघत नाही. मृगापासून दसऱ्यापर्यंत गाड्या बंद, नद्यांना उतार नाही, पेठा ओस. मधल्या काळात येई पोळा. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-लोण्याने चोळून त्याला उद्याच्या जेवणाचे आमंत्रण द्यायचे आणि पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचे नाही. इंग्रज व्यापाऱ्याला हे नवलाचे वाटत असेल. आम्हाला मात्र त्यात काही विशेष वाटत नाही. ज्याच्या खांद्यावर सारा व्यापार, त्याला सुटी नको काय?

आश्विनात बोंडे फुटत. सीतादही करून, शेतात दहीभाताचा नैवेद्य ठेवून वेचणीला हात लागे. पहिली वेचणी दिवाळीच्या आगेमागे, दुसरी-तिसरी पौष-माघापर्यंत. मग कापूस रेचून रूई आणि सरकी वेगळी करायची, बोंद्रे भरायची आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर किंवा गाड्यांवरून मुंबईची वाट धरायची. वाट म्हणजे आठशे किलोमीटरच्या घरातली, आणि शेवटी सह्याद्रीचे घाट. बैल दिवसाकाठी चालणार किती? कित्येक आठवडे रस्त्यातच जात. जाताना कापूस, येताना कोकणातले मीठ, असा तांड्यांचा क्रम. सारी घाई एवढ्याचसाठी की ज्येष्ठ लागायच्या आत बोंद्रे घाटाखाली उतरली पाहिजेत. वळवाने गाठले की रूई भिजे, चिखलाने माखे, आणि खंडीचा भाव रस्त्यातच वाहून जाई. मुंबईची खंडी म्हणजे ७८४ पौंड. तेवढी रूई जमवायला एका शेतकऱ्याचे अख्खे वर्ष खर्ची पडत असेल.

समुद्राचेही तसेच. गुजरातेतून भडोचचा कापूस शिडाच्या गलबतांनी मुंबईस येई. पावसाळ्यात ती गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याखेरीज कोणी शीड उभारीत नसे. म्हणजे रस्ताही बंद आणि दर्याही बंद.

हे आमचे पंचांग लँकशायरला फार महागात पडले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले ते एप्रिल १८६१ मध्ये. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा कच्चा माल आटला. वर्गात हा धडा शिकवताना मुले हमखास विचारतात, “मग त्यांनी आपल्याकडून लगेच का नाही घेतला?” प्रश्न रास्त आहे. थोडाबहुत माल गेलाही. पण वाढीव मागणी कळायला आगबोटीने महिना. ती कळेपर्यंत मृग तोंडावर. त्यानंतर पेरावे, दिवाळीला वेचावे, शिमग्यापर्यंत मुंबईस न्यावे आणि तिथून आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजाने आणखी चार महिने. लिव्हरपूलच्या धक्क्यावर गाठ उतरायला पुढच्या वर्षाचा पावसाळा उजाडायचा! १८६२ सरता सरता लँकशायरमध्ये लाखो लोक धर्मादाय मदतीवर जगत होते. इकडे मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे सटोडिये राजासारखे मिरवू लागले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो पूर ओसरून शेकडो घरे बुडाली. ती हकीकत वाचकांनी पुष्कळदा वाचली असेल.

मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतर घडले. गिऱ्हाईक शहाणे झाले. दुसऱ्याच्या पंचांगावर आपला धंदा टांगून ठेवायचा नाही, हे त्याने मनाशी घेतले. सरकारने मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नाक नावाचा खास कापूस कमिशनर नेमला. थळ घाटातून आगगाडी १८६५ मध्ये वर चढली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा उघडला. चार महिन्यांची वाट आगबोटीला एका महिन्यावर आली. १८७० मध्ये लॉर्ड मेयोने खामगावचा फाटा उघडला, आणि त्याच वर्षी समुद्रातळाची तार मुंबईला भिडली. फोलकार्ट आणि रॅली या परदेशी पेढ्यांचे खरेदीदार वऱ्हाडच्या पेठांत येऊन बसले. गाठी दाबायचे प्रेस आले, गुदामे आली. आता पाऊस पडो की पोळा असो, पेढीवाल्याच्या गुदामात गाठी रचलेल्याच असत. बंद दिवसांची भीती त्याला उरली नाही.

पण वाट पाहणे काही जगातून नाहीसे झाले नव्हते. ते फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले.

पेठेतले अडते आणि सावकार बहुतेक मारवाडी-गुजराती. त्यांचे व्यापारी वर्ष दिवाळीला पालटते. लक्ष्मीपूजनाला नव्या चोपड्या पूजायच्या, त्याआधी जुन्या खात्यांची बाकी चुकती व्हायला हवी. मग दोन-चार दिवस काटा बंद आणि पाडव्याला मुहूर्ताचा सौदा. सणाची ही सुटी व्यापाऱ्याला गोड. शेतकऱ्याला तिचा अर्थ वेगळा होता. मृगात बियाण्यासाठी घेतलेले पैसे याच खात्यावर, पोळ्याचे तेल-गूळ याच खात्यावर. पहिली वेचणी घरात येते न येते तोच ती काट्यावर न्यावी लागे. कापूस ओला, बाजारात गाड्यांची रांग, आणि घेणारा निवांत. त्याचे गुदाम गेल्या सालच्या गाठींनी भरलेले. पूर्वी पावसाळ्यात लिव्हरपूल ताटकळत असे, आता दिवाळीला शेतकरी ताटकळू लागला. मुकुटबनसारख्या गावाला तर खामगावला रूळ पोहोचल्यावर कैक पिढ्यांनी आगगाडी दिसली. तोवर गाडीबैलाने पेठ गाठायची आणि जो भाव निघेल तो घ्यायचा. माल परत आणावा तर बैलांचे हाल आणि घरात मुलांच्या अंगावर नवा कपडा नाही.

हे कोणाच्या ध्यानात आले नाही असे नाही. कारंज्याला १८८६ मध्ये नियमांनी बांधलेला बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला म्हणतात. १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस-धान्य बाजारांसाठी खास कायदा झाला. खोटी मापे आणि मनमानी कडता यांना त्याने काहीसा आळा बसला; तारखेच्या घाईला बसला नाही. पुढे १९७२ मध्ये महाराष्ट्र सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. भाव बांधलेला, अडत्या बाजूला. हेतू चांगलाच होता. पण केंद्र उघडण्याचा मुहूर्त सरकारचा, आणि चुकारा हातात पडायचा आणखी पुढे. सण काही त्यासाठी थांबत नसे. ती योजनाही आता उरलेली नाही. आता बाजार समितीचे आवार आहे, कापूस महामंडळाचे हमीभावाचे केंद्र आहे, आणि खासगी जिनवाले आहेत.

केंद्रावर कापसातला ओलावा यंत्राने मोजतात. आश्विनातला कापूस दवाने जड असतो, तो पुष्कळदा यंत्रावर नापास ठरतो. अंगणात चार उन्हे द्यावी, म्हणजे सुकेल. पण चार उन्हे दिली की लक्ष्मीपूजन उलटते. म्हणून आमच्या बाजूला वसुबारसेच्या सुमारास अजूनही पुष्कळ घरांतून एक-दोन गाठोडी बाहेर निघतात आणि जवळच्या खासगी काट्यावर, मिळेल त्या भावाने, रोखीत जातात. उरलेला कापूस माजघरात रचून ठेवलेला असतो. पोरे त्याच्यावर उड्या मारतात, आणि म्हातारी त्यांना ओरडते की भाव निघेपर्यंत पिवळा पाडाल.