शेवंती रात्र मोजते

गटाच्या बैठकीत आम्हाला एक तक्रार वरचेवर ऐकू येते. शेणखत घातलं, शेंडे खुडले, पाणी वेळेवर दिलं, शेवंती हिरवीगार झाली, पण कळी धरत नाही. मग कुणी नजर लागली म्हणतं, कुणी रोप वांझ म्हणतं. हा शब्द आम्हाला झाडाला लावलेलाही आवडत नाही.

हेच कोडं शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत तंबाखूनं घातलं होतं. वॉशिंग्टनजवळच्या सरकारी शेतावर गार्नर आणि अ‍ॅलार्ड हे दोन शास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडची 'मेरीलँड मॅमथ' तंबाखू उन्हाळाभर नुसती उंच वाढायची. फूल नाही, म्हणजे बीही नाही. थंडीत काचघरात मात्र तीच जात फुलायची. ऊब, ओल, खत, कशातच उत्तर सापडेना. शेवटी १९१८ च्या जुलैत त्यांनी काही कुंड्या रोज दुपारी ४ वाजता अंधाऱ्या खोपटात ठेवल्या आणि सकाळी ९ वाजता बाहेर काढल्या. भर उन्हाळ्यात तंबाखू फुलली! दिवसाच्या लांबीवर फुलणं ठरतं, हे त्यांनी १९२० मध्ये छापून जाहीर केलं.

पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका रानटी तणावर आणखी बारीक पाहिलं. लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ उजेड पाडला, तर ते तण फुलेना. म्हणजे झाड खरं तर दिवस नाही, सलग अंधार मोजत होतं.

आपली शेवंती त्याच जातकुळीतली. पावसाळा सरता सरता रात्र वाढते, तशी ती कळ्यांना लागते आणि कार्तिक-मार्गशीर्षात बहरते. जातीप्रमाणे थोडं पुढंमागं. पॉलिहाऊसवाले याचाच फायदा घेतात. दांडा लांब हवा तोवर मध्यरात्री काही तास बल्ब लावतात, मग बंद करतात. हंगामाबाहेर फुलं हवी असतील तर काळं कापड ओढून रात्र लांबवतात.

तेव्हा मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी फुलं विकायची असतील, तर खताआधी दिवा बघा. ओसरीचा बल्ब, चौकातला सौर दिवा रात्रभर रोपावर पडतो का? गुलाबाचं तसं नाही. त्याला रात्रीशी फारसं देणंघेणं नाही, दिवसाचं ५-६ तास ऊन हवं. ऊन शेवंतीलाही लागतंच.

मात्र फुलांसाठी अंगणातला दिवा विझवू नका, अंधारात जायचं यायचं आपल्यालाच असतं. कुंडी परसात सरकवा. रोप जमिनीत असेल तर संध्याकाळी ६ ला उजेड न झिरपणारं जाड काळं कापड काठ्यांवर टाका, पानांना चिकटू देऊ नका, आणि सकाळी ७ ला काढा. कळीला रंग दिसेपर्यंत हे रोज करायचं.