रुखवतातला चिमुकला संसार

मराठी लग्नात वधूपक्षाकडून मांडल्या जाणाऱ्या रुखवतात आज जाते, पाटा-वरवंटा, चूल, देवघर, झोपाळा, तुळशीवृंदावन अशा तळहातावर मावणाऱ्या वस्तू हमखास असतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत त्या घरच्या घरी बनवून विकण्याचा आणि भाड्याने देण्याचा छोटा उद्योग चालतो. तो करणाऱ्या बहुतेक स्त्रियाच आहेत, आणि लहानपणी जडलेली भातुकलीची आवड हेच त्यांचे पहिले भांडवल असते. या उद्योगाची कुळे दोन. एक भातुकलीचे, दुसरे रुखवताचे. दोन्ही जुनी असली तरी त्यांची गाठ पडली ती बऱ्याच उशिरा.

रुखवत म्हणजे मुळात खाणे. जानवशावर उतरलेल्या नवरदेवाला मांडवात येण्यापूर्वी वधूकडून फराळाची ताटे जात. ती उघडताना बायका उखाणे घेत. लाडू, करंज्या, अनारसे, चिरोटे हे ठळक पदार्थ, पण सुगरणीची खरी परीक्षा गव्हले, नखुले, मालत्या आणि बोटवी या खिरीच्या प्रकारांत होई. भिजवलेल्या रव्याचा कण अंगठा आणि तर्जनीत वळून गव्हाच्या दाण्याएवढा गव्हला करायचा, नखाने दाबून नखुला काढायचा, आणि ताटभर दाण्यांत एकही लहानमोठा दिसू द्यायचा नाही. पुढे जो चिमुकला संसार रुखवतात मांडला गेला, त्याला लागणारी नजर आणि बोटे या खिरीच्या दाण्यांवरच तयार झाली होती. खोबऱ्याच्या वाट्या कोरून केलेली नक्षी, सुपारीला कपडे घालून केलेले भटजी आणि नवरा-नवरी, साखरेचे वृंदावन हे त्याच हाताचे पुढचे काम. इथे पदार्थ खाण्यापेक्षा पाहण्याचा होऊ लागला.

भातुकलीचे कूळ वेगळे. ती मुलींच्या हातची. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्ताशांसाठी आणलेली मातीची बोळकी पूजा उरकली की खेळात जात. तांब्यापितळेची भातुकली तांबट आणि कासार घडवत. बंब, घंगाळ, पळी-पंचपात्र, किसणी, शेगडी अशी अख्खी गृहस्थी त्यात असे. लाकडी भातुकलीसाठी सावंतवाडीचे नाव मोठे. तिथल्या चितारआळीत आजही ती विकायला मांडलेली दिसते. लाखकामाची रीत अशी: पांगाऱ्यासारखे हलके लाकूड चरकावर फिरवत आकार द्यायचा आणि फिरत्या लाकडावरच रंगीत लाखेची कांडी दाबून धरायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. मग केवड्याचे पाते दाबून तिला चकाकी आणतात. ब्रशने दिलेल्या रंगाला ही झळाळी येत नाही. पुण्याच्या विलास करंदीकरांनी अशा जुन्या भातुकलीचा मोठा संग्रह करून तिची प्रदर्शने भरवली, तेव्हा घराघरांतून नाहीशी झालेली कितीतरी भांडी नव्या पिढीला त्या छोट्या रूपातच पहिल्यांदा दिसली.

या दोन कुळांची सोयरीक विसाव्या शतकात, हस्तकलेच्या वाटेने झाली. मुली शाळेत शिवण-भरतकाम शिकू लागल्या आणि फराळाशेजारी क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणे, वायरच्या पिशव्या, आइसक्रीमच्या काड्यांची घरे मांडली जाऊ लागली. रुखवत हे नवरीच्या हातच्या कामाचे प्रदर्शन झाले. पुढे मुली कॉलेजात आणि नोकरीत गेल्या, तसा वर्षभर बसून रुखवत करायला वेळ उरला नाही आणि ते बाहेर करायला देण्याची पद्धत पडली. त्याच काळात गिरगाव-दादरच्या चाळींतून उपनगरांतल्या फ्लॅटमध्ये गेलेल्या कुटुंबांच्या स्वयंपाकघरांतून जाते, उखळ आणि पाटा हद्दपार झाले. खऱ्या वस्तू घरात नाहीत म्हणून त्यांच्या प्रतिकृतींना मान आला, हे या कुळकथेतले सर्वांत महत्त्वाचे वळण मानायला हवे.

रुखवतातला हा संसार मोठ्यांनी मोठ्यांसाठी मांडलेला; युरोपातही चिमुकले बाहुलीघर आधी मोठ्यांसाठीच होते. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने 1557-58 मध्ये करवून घेतलेले घर हे ज्ञात बाहुलीघरांतले सर्वांत जुने मानतात. ते 1674 च्या आगीत नष्ट झाले. अॅमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ऊर्टमन हिने 1686 ते 1710 या काळात सजवलेले घर आज तिथल्या राइक्स म्युझियममध्ये आहे. त्यावर झालेल्या खर्चात त्या काळी कालव्याकाठचे खरे घर आले असते. नवी दिल्लीचे वास्तुरचनाकार लट्येन्स यांनी राणी मेरीसाठी केलेले आणि 1924 मध्ये पूर्ण झालेले घर विंडसर किल्ल्यात आहे. त्याचे प्रमाण एकास बारा, म्हणजे खऱ्या फुटाला एक इंच. हेच प्रमाण पुढे या छंदात जगभर रूढ झाले.

रुखवतात असे काटेकोर प्रमाण पाळत नाहीत. वस्तू ताटात शोभली म्हणजे झाले. तरी जी कारागीर प्रमाण पाळते तिचे काम लगेच वेगळे उठून दिसते. फसगत होते ती जाडीत. एकास बारा प्रमाणात 3 मिलिमीटरच्या एमडीएफचे (दाबीव लाकडी तक्त्याचे) दार 36 मिलिमीटरचे, म्हणजे खऱ्या दाराइतकेच जाड भासते. पण 1 मिलिमीटर पत्र्याचे पातेले 12 मिलिमीटर जाड वाटते, म्हणून भांड्याचा काठ घासून पातळ करावा लागतो. कापडाचेही तेच: बाहुलीच्या नऊवारीला खणाची मोठी बुट्टी चालत नाही, त्याच्या काठातली अरुंद पट्टी शोधून घ्यावी लागते.

पूर्वी रुखवतातली घरे, मखरे थर्माकोलची होत. 2018 च्या प्लास्टिक-थर्माकोल बंदीनंतर पुठ्ठा आणि लेझरने कापलेले एमडीएफ यांचा वापर वाढला. सामान टॅक्सीतून किंवा लोकलच्या डब्यातून हॉलवर न्यायचे असल्याने सुटे होऊन खोक्यात बसणारे घर सोयीचे पडते.

धंद्याचे वर्ष मुहूर्तांवर चालते. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम उघडतो आणि चातुर्मास लागला की लग्नाची मागणी ओसरते; मग गौरी-गणपतीचे देखावे आणि दिवाळीआधीच्या ग्राहक पेठा हात देतात. भाड्याच्या पद्धतीने हिशेब पार बदलला. पूर्वी रुखवत नवरीबरोबर सासरी जाई. आता सप्तपदीच्या सात पाटांसह ते संध्याकाळी कारागिराकडे परत येते आणि पुढच्या मुहूर्ताला दुसऱ्या हॉलवर मांडले जाते. म्हणून भाड्याच्या संचात लाखकाम आणि पितळ परवडते, कारण ते टिकते. कागदी आणि साखरेचे काम विकण्यासाठीच ठेवलेले बरे.

कायद्याच्या दृष्टीने रुखवताची वस्तू ही शोभेची वस्तू आहे. तीच भातुकली म्हणून मुलांना विकायची झाली तर नियम वेगळे. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक आहे. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. त्यामुळे दोन्ही प्रकारचा माल करणाऱ्या कारागिराला ही नोंदणी आधी करून घेणे फायद्याचे ठरते.